फ्लँजवरची आडवी रेघ

बंगळूरच्या प्रयोगशाळेत माझी टाकी तीन आठवडे गळत होती. स्टीलची, दोन हात लांब टाकी. आतली हवा पंपानं ओढून काढायची, पाण्याची किंचित वाफ सोडायची आणि तिच्यावर प्रकाश टाकायचा. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. काचेतून जात नाही, हवेतूनसुद्धा नाही. पाण्याच्या रेणूतला इलेक्ट्रॉन तो उडवतो. प्रकाशाची तरंगलांबी जराजराशी बदलत, किती रेणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात ते मला मोजायचं होतं. पण बाहेरची हवा आत शिरत होती. माझे मार्गदर्शक सर रोज दारातून "झालं?" एवढंच विचारायचे. माझं जेवणात लक्ष उरलं नव्हतं.

गळती झाकणाच्या फ्लँजला, म्हणजे टाकीवर घट्ट बसणाऱ्या चकतीला होती. आमच्या वर्कशॉपात कामांची रांग. शेवटी ती जाड गोल चकती टॉवेलात गुंडाळून मी बेळगावची बस धरली. आक्काचे यजमान, माझे दाजी, बेळगावजवळ मच्छे गावातल्या एका कारखान्यात लेथवर होते.

दाजींनी भिंग मागितलं नाही. चकतीवरनं अंगठ्याचं नख फिरवलं.

"हितं हाय बघ. आडवी रेघ."

मला दिसलीच नाही.

"गोल रेघा चालत्यात. ही रबरी रिंगेखालनं भाईर जातीया. हवेला वाटच झाली की."

"मग आत्ता वरचा थर कापून घेता?"

"आत्ता न्हाय. मशीनवर दुसरं काम चढलंय. परवा बघू."

ते दोन दिवस मी आक्काच्या घरात नुसती फिरत होते. डाळ निवडायला घेतली आणि अर्ध्यात टाकली.

"बस की गं जरा," आक्का म्हणाली. "तुला बघून मलाच गरगरायलंय."

दुपारी जेवताना दाजींनी विचारलं, "पाण्याचं एवढं बारीक बघून काय कळतंय?"

"इलेक्ट्रॉन किती घट्ट बसलाय ते."

"आन् ते कळून?"

मी चिडून ताटावरनं उठले. अंगणात उभी राहिल्यावर लक्षात आलं, संशोधनाच्या चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चकती मशीनवर चढली. काप निम्म्याच्या पुढं गेला आणि करंट गेला.

"आता?"

"आता पयल्यापास्नं. थांबलं तिथं वळ उठतोय."

"राहू द्या दाजी. थोडंच राहिलंय, चालेल."

त्यांनी हात पुसले. "मला चालंल गं. तुझ्या हवेला चालंल का?"

करंट यायला अडीच तास लागले. तेवढा वेळ मी कारखान्याच्या दारातच उभी होते; कुणी स्टूल दिलं, त्यावरही बसवेना. मग दाजींनी एका दमात, मधे कुठंही न थांबता, सगळा काप घेतला.

बंगळूरला परतल्यावर दाबमापकाचा काटा खाली गेला आणि खालीच राहिला. दोन दिवसांनी नोंदयंत्राच्या कागदी पट्टीवर सपाट चाललेली रेघ एका जागी एकदम वर चढली, पायरीसारखी; तिथं इलेक्ट्रॉन सुटायला लागले होते. पुढं लहान लहान सुळके. मी ओरडलेच.

सरांनी पट्टी बराच वेळ पाहिली. "प्रकाश आत येतो ती फट अजून अरुंद कर," म्हणाले. "या सुळक्यांच्या आत आणखी काहीतरी आहे."

फट अरुंद केली की प्रकाश कमी, प्रकाश कमी की वेळ जास्त. पुढची दोन वर्षं त्यातच गेली. प्रबंध झाला, बेळगावात कॉलेजात नोकरी लागली. स्वस्थ बसणं मात्र जमलं नाही. मी शिकवताना फळ्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालते, असं मुली सांगतात.