स्थिर धरलेला तारा

मी सानपाड्याहून जर्मनीला निघाले त्या सकाळी तात्यांनी माझी बॅग पाठीवर घेतली होती. बॅगेला चाकं आहेत, हे मी दोनदा सांगितलं. पण वाशीच्या दाणाबाजारात तीस वर्षं पोती वाहिलेल्या माझ्या वडिलांना ओझं ओढत न्यायची लाज वाटायची. घरापासून मेन रोडपर्यंत ते तरातरा चालले, मागून आई शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी घेऊन. "दोन वर्सांचा तर प्रश्न हाय," सोसायटीच्या गेटवर त्यांनी शेजाऱ्यांना बजावलं, जणू कुणी हरकत घेतली होती.

त्या दोन वर्षांची नऊ झाली. तुमच्यापैकी जे परदेशी गेलात त्यांना हे गणित पाठ आहे. जे इथेच राहिलात त्यांनी कधी हिशेब विचारला नाही, हे तुमचे उपकार.

जर्मनीत मी फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष अभ्यासते. तारा फुटला की त्यातला माल चहूकडे फेकला जातो, इतका तापलेला की त्यातून क्ष-किरण निघतात. अवकाशातल्या दुर्बिणीत ते एकेक करून टिपायचे. तात्यांना समजावताना मी बाजाराचाच आधार घेतला. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर गहू काढतात आणि सबंध पोत्याची पारख करतात ना, तशी मी थोड्या किरणांवरून ताऱ्यात लोखंड किती, सिलिकॉन किती ते सांगते. "म्हंजी काम त्येच," ते म्हणाले, "फकस्त पाठ दुखत न्हाई." दुखते, तात्या. दिवसभर स्क्रीनपुढे बसून पाठ दुखते, आणि कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की सगळंच दुखतं.

एकाच अवशेषाची, मध्ये बरीच वर्षं गेलेली दोन चित्रं एकावर एक बसवून त्याची कड किती सरकली ते मोजायचं, हे माझं रोजचं काम. चित्रं बसवायला त्याच चित्रातला एखादा तारा स्थिर धरावा लागतो. गेल्या वर्षी माझे आकडे काही केल्या जुळेनात. तीन महिने डोकं आपटल्यावर कळलं, मी स्थिर धरलेला ताराच सरकत होता. चूक अगदी साधी. आधी हसले, मग रडले. फार थकले होते.

त्याच थकव्यात सुट्टीवर आले. रिक्षातून उतरल्यावर तात्यांनी बॅग चाकांवर ओढली आणि घरापर्यंत दोनदा थांबले. खोली तशीच होती. शाळेतली बक्षिसं पुसलेली, पलंगावर धुतलेली चादर. जेवताना मी सवयीने म्हटलं, "पुढच्या वर्षी येतेच परत."

आईने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "आता खरं सांग. येनार हाईस का न्हाई? गावाकडचं घर नीट करून पाच वर्सं झाली. आमाला जायचंय. तू येनार म्हनून हितं थांबलोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सानपाड्याचं घर माझी वाट पाहतंय, या विचारावर मी परदेशात दिवस ढकलत होते. आणि हे दोघे, तेही साताऱ्याहून पोटासाठीच इथे आलेले, माझ्या एका शब्दावर अडकून पडले होते.

"नाही येणार," मी पहिल्यांदाच म्हणाले.

आई रडली नाही. माझ्या ताटात भात वाढून तिने विचारलं, "तुजी पुस्तकं गावाकडं न्यायची, का तुज्याकडं धाडायची?"

आता सानपाड्याच्या घरात दुसरं कुटुंब राहतं. जुनी किल्ली माझ्या जुडग्यात उगाच खुळखुळते. परवा तात्या फोनवर म्हणाले, गावच्या घरात मागची खोली हाय. मी घाईघाईने म्हटलं, "माझ्यासाठी रिकामी ठेवू नका हं."

"रिकामी कुठली?" ते म्हणाले. "कांदा भरलाय तितं. तू आलीस की सरकवू."