होडीच्या गेमचे परीक्षक

कोड लिहिला की तो आठवणीने सेव्ह करावा लागतो. किस्से मात्र आपोआप सेव्ह होतात! कुडाळात एका खोलीत बसून मी आणि विनू मोबाइल गेम बनवतो. तो कोड लिहितो, मी चित्रं काढते. खाडीतून होडी न्यायची, वाटेत माणसं चढवायची-उतरवायची, एवढाच आमचा गेम. पण तो बनेपर्यंत ज्याने त्याने जे काही सुनावलं, ते त्या गेमपेक्षा मोठं झालंय.

सुरुवात खोलीपासूनच झाली. घरमालक निवृत्त हेडमास्तर. "काय करता?" त्यांनी विचारलं.

"गेम बनवतो, सर."

"बनवता म्हणजे कारखाना? मशीनचा आवाज होईल?"

"छे छे, अजिबात आवाज नाही!"

सरांनी चावी दिली, पण चेहरा पडलेला. "आवाज नाही? मग तो खेळ कसला!"

*

विनूचं घर वालावलला. पावसाळ्यात तो आठ दिवस बाहेरगावी गेला आणि परत येऊन बघतो तर घरचा कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, आत दमटपणाने बुरशी! "महागडं ग्राफिक्स कार्ड घेता, पण कोकणात मशीन बंद ठेवायचं नसतं. रोज तासभर चालवा," तो म्हणाला.

ते काम काकींनी, म्हणजे विनूच्या आईने, अंगावर घेतलं. सकाळी तुळशीला पाणी घातलं की कॉम्प्युटर चालू!

महिन्याभराने विनू बघतो तर आमच्या गेमची नववी लेव्हल उघडलेली. तो स्वतः खेळताना सहावीच्या पुढे कधी गेला नव्हता.

"आये, ह्या कोण खेळला?"

"माका काय म्हायत! तो आपणहून पुढे गेलो!" काकी भांडी घासत राहिल्या. मग मान न वळवताच म्हणाल्या, "पण त्या आठव्या लेव्हलीत पुलाखाली जागा कमी आसा. तेवढी वाढय."

*

"गेम खेळणारी पोरं एकलकोंडी होतात" असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या गावातल्या हॉलमधली लपून गोळ्या झाडायच्या मोबाइल गेमची स्पर्धा दाखवायला हवी होती. दोन टीम समोरासमोर, मोठ्या पडद्यावर दोघींचाही खेळ दिसतोय, मागे आया, काका, आज्या, हॉल खचाखच! आणि माईकवर भाऊ. भाऊंनी आयुष्यभर अंडरआर्म क्रिकेटची कॉमेंट्री केलेली. त्यांना समोर काय दिसतंय ते सांगायची सवय.

"आणि लाल टोपीवालो गडी गवतात झोपलो आसा मंडळी! टाकीच्या मागे! अगदी उजवीकडे!"

समोरची अख्खी टीम उजवीकडे वळली. लाल टोपीवाला दोन सेकंदांत आउट!

त्या लाल टोपीवाल्याला खेळवणारा पोरगा खुर्चीवरून उठला. "भाऊ, तुम्ही खंयच्या टीमचे?"

"मी? मी पब्लिकचो!"

*

विनूचा मामा तोंडवलीला पर्यटकांची होडी चालवतो. म्हटलं, खऱ्या होडीवाल्याचं मत घेऊ. मामाने फोन हातात धरला आणि नुसता बघत बसला.

"मामा, चालव ना. स्क्रीनला बोट लाव."

"थांब. सुकती आसा."

मी फोटो बघून खाडी रंगवली होती. फोटो ओहोटीचा होता हे मलाच माहीत नव्हतं! मामाने काठावरच्या ओल्या रेघेवरून ते ओळखलं. "ह्या पाण्यात होडी रेतीत रुततली. भरती येवंदे."

पाच मिनिटं मामा फोन धरून भरतीची वाट बघत होता. गेममध्ये भरती नव्हतीच!

विनू हसला नाही. मामा गेल्यावर म्हणाला, "सगळे गेम 'पळ पळ' म्हणतात. आपल्या गेममध्ये थांबायचं." तीन महिने खपून आम्ही भरती-ओहोटी बनवली. पाणी चढेपर्यंत काठावर बसायचं, बगळे बघायचे.

*

गेम बाजारात आणणारी एक कंपनी व्हिडिओ कॉलवर आली. त्यांना चित्रं आवडली. "फक्त ते थांबणं काढा. नाहीतर तिथे जाहिरात टाका. जाहिरात बघितली की लगेच भरती!"

विनूच्या खिशात पुण्याच्या नोकरीचं पत्र होतं, हे मला माहीत होतं.

"सर," विनू म्हणाला, "जाहिरात बघून भरती येत नाही."

कॉल संपला. मला रडायलाच आलं. मग कळलं, विनूने पुण्यालाही आदल्या दिवशीच नकार कळवलेला!

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू अक्कल शिकवली असतीस!"

शेवटी गेम आम्हीच बाजारात आणला.

*

गेममध्ये धक्क्यावर एक म्हातारी बसलेली असते. तिला आवाज हवा होता. काकींनी एका दमात बोलून दिलं, "इलंस? जेवलंस काय?" होडी धक्क्याला लागली की ती तेवढंच विचारते.

एक दिवस ईमेलवर तक्रार आली. लिहिणारा देवगडकडचा, मालवाहू जहाजावर नोकरीला, सात महिने घरी न गेलेला.

"गेम बरो आसा. पण एक चूक आसा. म्हातारी दर खेपेक विचारता, जेवलंस काय? माका उत्तर देवक बटण नाय."

विनूने त्याच दुपारी बटण टाकलं. "होय, जेवलंय."

चार दिवसांनी कुठल्याशा बंदरातून पुन्हा ईमेल.

"बटण गावला. आता आणखी एक टाका. 'आये, तू जेवलंस?'"