सोलापूरची गाडी आणि दुसरी किल्ली

सोलापूर स्टेशनात उतरलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि मनात पाल चुकचुकत होती. जुनी गाडी घ्यायला पुण्याहून इतक्या लांब कोण येतं? गाडी विजेवर चालणारी, दोनच वर्षं वापरलेली, फोटोत एक ओरखडा नाही. मला संशय घ्यायला तेवढंही पुरतं. गॅस बंद केल्यावर शेगडीला हात लावून बघणारा मी माणूस.

गाडीचे मालक शिवानंद होटगी रस्त्याला राहतात. दारातच त्यांच्या आईनं "बर्री, बर्री" (या, या) म्हणून स्वागत केलं. चहा झाल्यावर मी किल्ली मागितली. शिवानंदांनी खिशातून फोन काढला.

"ही काय किल्ली."

"आणि खरी?"

"हीच खरी, सर. फोन घेऊन जवळ गेलं की दार उघडतंय."

फोन म्हणजे माझ्या मते हरवायची आणि ऐन वेळी मान टाकायची वस्तू. तिच्या भरवशावर अख्खी गाडी? तरी मंगळवेढ्याच्या रस्त्यानं चक्कर मारून आलो. दोन्ही बाजूंना काळी रानं, कणसं धरलेली ज्वारी, आणि गाडी इतकी गुपचूप पळत होती की मला त्याचाही संशय आला. खोट मात्र सापडली नाही. परतल्यावर सह्या झाल्या. शिवानंदांनी माझ्या फोनवर किल्ली चढवली, स्वतःची काढून टाकली. निघताना आईंनी एवढंच विचारलं, "कुटं उतरलाय?" मी लॉजचं नाव सांगितलं आणि वाटेभर वाटत राहिलं, सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या आवारात गाडीपाशी गेलो आणि सवयीनं आधी काचेतून आत डोकावलो. काचा शाबूत, दारं बंद, आणि आत शेजारच्या सीटवर नारळ, हिरवा खण, मूठभर तांदूळ. स्टिअरिंगवर कुंकवाचं बोट. हेच सामान घरी बायकोच्या पदरात पडताना मी कितीदा पाहिलंय, पण परक्या गावात, बंद गाडीत मला ती चक्क करणी वाटली.

लॉजचा रखवालदार म्हणाला, "एक म्हातारी आलती की. फोन काढला, दार उघडलं. मला वाटलं तुमच्याच घरच्या हायत."

म्हणजे दुसरी किल्ली होती! गाडी विकायची आणि मग हळूच काढून न्यायची, असा यांचा धंदा तर नाही? नारळाला हात न लावता मी गाडी तशीच होटगी रस्त्याला नेली आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "गाडी माझी झालीय की नाही?"

शिवानंद खाली बघायला लागले. "सर, गाडी आईच चालवायची. साठीत शिकली. डोळे अधू झाले, डॉक्टर नको म्हणाले, म्हणून विकली. माझी किल्ली काढली, पण आईची काढायला हात धजला नाही."

"आणि तो नारळ?"

आई पुढं आल्या. "लेक निघाली की उडी (ओटी) भरत्यात न्हाय का? मग हिला तशीच कशी धाडू? किल्ली न्हाय ठेवणार मी. काढा तुमी."

मी फोनवर किल्ल्यांची यादी उघडली. दोनच नावं होती, माझं आणि 'आई'. बोट ठेवलं तर प्रश्न आला: 'आई' यांना काढून टाकायचे? मला लाज वाटली. अंगठा पुढं जाईना.

"दाबा की," त्या म्हणाल्या. "मनात संशय धरून गाडी चालवू नये."

दाबलं. त्या आपला फोन घेऊन गाडीपाशी गेल्या, मूठ ओढून पाहिली. दार उघडलं नाही.

"झाली बघा तुमची." त्यांनी पदरानं मूठ पुसली आणि कडक भाकऱ्यांची (पापडासारख्या कोरड्या, बरेच दिवस टिकणाऱ्या) पिशवी माझ्या हातात दिली. वर शेंगाची चटणी.

संध्याकाळी पुण्यात शिरलो. गाडी आता फक्त मला ओळखत होती. हवं होतं ते मिळालं होतं, तरी कुणाच्या घरातून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटत होतं. सोसायटीच्या दारात फोन वाजला. शिवानंद होते.

"सर, आई विचारतीय, नीट पोचली का?"

"हो, पोचलो," म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबलो.

"पोचली," मी म्हणालो. "सुखरूप पोचली म्हणून सांगा."