मेंढराला डॉक्टर आला होता

"तू बोलू नकोस. तू स्लाईड सरकव."

पुण्यातल्या एका परिषदेचा हॉल. लोक चहा संपवून आत येत होते, आणि आमचे विभागप्रमुख मला हे सांगत होते. तेही मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून पाहिलं.

अभ्यास माझा होता. माझा एमडीचा प्रबंध. दौंडकडच्या रानात मेंढपाळांच्या वाड्यांवर मी वर्षभर पायपीट केली होती. आजारी पोर दवाखान्यात पोचायला उशीर का होतो, एवढाच माझा प्रश्न.

"सर, मी तयारी केलीय," मी म्हणाले.

"तुझे उच्चार ऐकलेत मी. आणि तुझ्याच लोकांबद्दल तू बोललीस तर त्याला अभ्यास म्हणत नाहीत. गाऱ्हाणं म्हणतात."

तुझे लोक. माहिती गोळा करायला मला पाठवताना हेच लोक सोयीचे होते. "तुझे लोक आहेत, तुझ्याशी मोकळं बोलतील," असं तेच म्हणाले होते. राबायला मी चालत होते, बोलायला चालत नव्हते. खास त्या दिवसासाठी इस्त्री केलेली साडी नेसून मी प्रोजेक्टरमागे जाऊन उभी राहिले.

मी कवठे येमाईची. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं, वडिलांपासून शेती. चुलता मात्र मेंढरं सोडायला तयार नव्हता. दिवाळी झाली की तो बिऱ्हाड घेऊन पाटसच्या बाजूला जायचा. ऊस तुटलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून.

तिथं त्याच्या धाकट्या पोराला डबा झाला. म्हणजे छाती भरली, श्वासागणिक पोट उडायला लागलं. चुलती त्याला घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात गेली. डॉक्टरनं तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणे. लांबून बघितलं आणि खिडकीतून पातळ औषधाची बाटली दिली. पोराच्या छातीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती परत गेली, परत तेच. मग वाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी सळई तापवून पोराच्या पोटावर डाग दिले. शेवटी उसाच्या ट्रकमध्ये घालून दौंडला नेलं म्हणून पोर वाचलं. डाग राहिले.

डाग देणं वाईट, हे मला कुणी शिकवायला नको. मी डॉक्टर आहे. शिवाय तसेच डाग माझ्या पोटावर आहेत.

चुलतीनं पोराचा सदरा वर करून मला फोटो काढू दिला, पण एका बोलीवर.

"काढ फोटू. पर त्या उंबऱ्याचं बी सांग. आन् ह्ये बी सांग, त्याच आठवड्यात जनावरांचा डाक्तर पार वाघरीपातुर आला हुता. एकेक मेंढरू धरून सुई टोचली त्यानं. आमच्या मेंढराला हात लावत्यात, लेकराला न्हाई."

मी सांगते म्हणाले. तिला शब्दच दिला. जनावरांचे डॉक्टर पुन्हा आले तेव्हा मी त्यांचाही फोटो काढला. वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळ्यात, ते उभे, काखेत मेंढरू, हातात सुई, आणि मागं उघड्या पोटानं उभं असलेलं तेच पोर.

परिषदेच्या तयारीत सरांनी ती स्लाईड बाजूला काढली. "विषयाशी संबंध नाही." उंबऱ्याचा भाग तर सगळाच कापला. शिल्लक राहिली ती आमची अंधश्रद्धा आणि आम्ही केलेला उशीर. ती स्लाईड मला टाकवली नाही. चौकटीत बसवलेली ती छोटी फिल्म मी पर्समध्ये ठेवली.

हॉलमधले दिवे मालवले. सर इंग्रजीत बोलायला लागले. थोड्या वेळानं पडद्यावर पोराचं पोट आलं. डोळ्यांवर काळी पट्टी. सदरा धरलेली चुलतीची गोंदलेली बोटं. हशा हवा असला की सर मराठीत यायचे. तसे ते आले.

"ही माणसं मेंढराला आणि मुलाला एकच औषध करतात. तापलेली सळई."

हॉल हसला. शिकलेली, चांगल्या घरची, रोग्यांना बरं करणारी माणसं. मनापासून हसली.

मला रडू आलं नाही. राग आला. तिनं माझ्या शब्दावर तो सदरा धरला होता, आणि हे हसत होते.

मी पर्स उघडली. प्रोजेक्टरच्या पुढच्या खाचेतली निष्कर्षांची स्लाईड उपसली आणि माझी घातली. स्लाईड उलटी घालायची असते, तेवढं भान राहिलं.

"नेक्स्ट," सर म्हणाले.

पडद्यावर जनावरांचे डॉक्टर आले. काखेत मेंढरू, मागं पोर.

"ही कुठली? पुढची घे."

"नाही घेणार."

मग मी बोलले. आमच्या घरच्या बोलीत. उच्चार सांभाळायच्या भानगडीत पडले नाही.

"मेंढराला डाक्तर आला हुता. पोराला उंबऱ्याभाईर ठिवलं. ह्यो पोरगा माझ्या चुलत्याचा हाय. तसलं डाग माझ्या बी पोटावर हायेत. हसायचं आसंल तर माझ्याकडं बघून हसा."

कुणी हसलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. सत्राच्या अध्यक्षांनी घंटी वाजवली, वेळ संपली म्हणाले. दिवे लागले.

बाहेर व्हरांड्यात सर म्हणाले, "पेपरवरून तुझं नाव काढतोय."

"काढा. फोटो माझे आहेत, ते मी नेते."

प्रबंध परत आला. परीक्षा लांबली. वसतिगृहात माझ्यामागं मेंढरासारखं ओरडणारी काही मुलं आधीपासून होती, त्यांना आता जास्तच चेव आला. सगळं सोडून गावी जावं असंही वाटलं. खोटं कशाला सांगू?

पुढच्या खेपेला पाटसला गेले तेव्हा चुलती भाकरी थापत होती. पोर शेजारी खेळत होतं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मंग? आता आत घेतो का त्यो डाक्तर?"

"न्हाई."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मंग आजून सांग."

ती शाबास म्हणाली नाही, ते बरंच झालं. उंबरा होता तिथंच होता. मी त्या चुलीपाशी ठरवलं ते आजवर मोडलेलं नाही. आमचं उघडं पोट पडद्यावर यायचं असेल, तर त्याच्या आधी तो उंबरा येईल. नाव जावो, नोकरी जावो. आणि दुसऱ्याच्या हुकमावर स्लाईड सरकवायला मी पुन्हा उभी राहणार नाही.