डब्यावरचं नाव

धुळ्याला आमच्या शेजारी दोन शिक्षिका एकत्र राहत. गल्ली त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणायची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी जोडाक्षरं मला थोरल्या बाईंनीच शिकवली. घर दोघींच्या पगारातून उभं राहिलं होतं, कागदावर मात्र नाव थोरल्या बाईंचं होतं. भांड्यांवरही त्यांचंच नाव. नाव कोणाचं घालू, असं दुकानदार विचारायचा तेव्हा धाकट्या बाई म्हणायच्या, "एका घरात दोन नावं कशाला?"

मी कॉलेजात असताना थोरल्या बाई काविळीने गेल्या. चोपड्याहून आलेल्या त्यांच्या भावाने अग्नी दिला. पुढचे दिवस धाकट्या बाई भिंतीला टेकून बसलेल्या असत, पण भेटायला येणारी प्रत्येक बाई भावजयीजवळ जाऊन बसायची.

तेरावं झाल्यावर धाकट्या बाई माझ्या वडिलांकडे आल्या. वडील वकील. मी चहा ठेवला आणि दाराशीच थांबले.

"वकीलसाहेब, मला त्याच घरात राहायचंय."

"त्यांनी मृत्युपत्र केलं होतं?"

"असलं काही बोलायला नको वाटायचं."

"मग वारस त्यांचा भाऊच. कोर्टात तुमचं नातं काय सांगू मी?"

"तुम्हीच सांगा. इतकी वर्षं शेजारी आहात."

वडील चष्मा पुसत राहिले. "मैत्रीण म्हटलं तर कोर्ट ऐकून घेणार नाही, बाई."

चहा तसाच निवला.

घर रिकामं करायच्या दिवशी भावजयीने भांडी ओट्यावर काढली. एकेक उलटून बघितलं. सगळ्यांवर एकच नाव.

"बठ्ठावर नणंदनंच नाव शे," ती म्हणाली. आवाजात खोच नव्हती. तिने फक्त वाचलं होतं.

धाकट्या बाईंनी कपड्यांची ट्रंक तेवढी उचलली. जळगावला भाचीकडे जाणार होत्या.

रिक्षा आली तेव्हा आईला आठवलं, त्यांच्याकडून शेव आलेला डबा आमच्याकडेच राहिला होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून तिने घाईघाईने त्यात साखर भरली आणि मला पिटाळलं.

"तुमचा डबा," मी म्हणाले.

त्यांनी तो ट्रंकेत ठेवला नाही. मांडीवर घेतला, नाव आपल्याकडे येईल असा फिरवला आणि त्यावर पदर ओढला.

भावजय दारात उभी होती. तिने पाहिलं असावं. घराची किल्ली तिच्या कमरेला होती.