टॅबवर नसलेली तार

भातकुलीचा सूर्यभान तीस वर्षांपासूनचा वायरमन. अकोल्यात नव्या दवाखान्याच्या कामावर गेला तवा त्याले कळलं, का पाया खंदायच्या आंधीच इमारत टॅबवरच्या नकाशात उभी असते. पाइप, तार, सारं जागच्या जागी. ते सांभाळे जुईली इंजिनिअर. तिचा एकच नेम: कामावर काहीबी सरकवलं तर त्याच दिवशी सांगा, टॅबवर सरकवून घेऊ. पुढं इमारत आहे तोवर लोक तेच पाहून भिंतीत हात घालतीन.

"बाई, तुमची इमारत लय गोरी हाये," सूर्यभान म्हणे. "आमची ऊन खाते, सिमेट खाते."

कधी सांगे, कधी राहून जाय. दुसऱ्या माळ्यावर एकदा तारेच्या वाटेत लोखंड आलं. प्लास्टरवाले घमेले भरून खोळंबले होते. त्यानं तार हातभर डावीकडं नेली. सांगणं उद्यावर टाकलं, ते राहूनच गेलं. वायरमनाची रीतच ते. कोणत्या भिंतीत काय, हे ज्यानं टाकलं त्यालेच विचारा.

दवाखाना सुरू होऊन दोन वर्षं झाली. तिथल्या देखभालीच्या किशोरले त्या भिंतीवर फळी लावाची होती. त्यानं टॅब पाहिला. त्या जागी भिंत कोरी. म्हणून लाइन बंद केली नाही. ड्रिल आत गेलं, अन् किशोर शिडीवरच संपला.

साहेबलोकायनं कागद केला, का त्यानं टॅब पाहिलाच नाही, चूक त्याचीच. त्याची माय भागीरथा दवाखान्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, "माह्यं लेकरू न पाह्यता हात घालणारं नव्हतं."

भिंत कोणती ते कळताच सूर्यभानले आपली तार आठवली. जाणारा गेला, तुमी काहून अडकता, म्हणून बायकोनं, दुर्गाबाईनं, त्याले अडवलं. तरी चौकशीच्या दिवशी सूर्यभान जाऊन उभा राहिला.

"त्यानं पाह्यलं असंन," तो म्हणाला. "टॅबच खोटा होता. तार म्या सरकवली."

कागद बदलला. भागीरथा पायरीवरून उठून गेली. सूर्यभानकडं तिनं पाहिलंबी नाही.

जुईलीनं मात्र हळूच विचारलं, "काका, आणखी कुठं कुठं?"

खाटांवर माणसं झोपली होती, त्यातूनच दोघं भिंती पाहत फिरले. तीन जागा त्यानं धडाधड दाखवल्या. चौथ्या ठिकाणी भिंतीवर हात ठेवला, काढला. बाजूच्या भिंतीवर ठेवला. तोबी काढला.

"नाई आठोत."

जुईलीनं त्या भिंतीवर लाल फुली मारली, लाइन बंद केल्याबिगर इथं हात घालू नये म्हणून. मंग बाजूच्या भिंतीवर. सांज होईतोवर त्या माळ्यावर बिनफुलीची एकबी भिंत उरली नाही.