लुगडं आत्याचं, बाई मुंबईची

वाट विचारणाऱ्याला नुसतं बोट दाखवून मोकळं होणं हे माझ्या आत्याच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं पाप आहे. बाकीची पापं ती गुरं हाकता हाकता माफ करून टाकते. वेल्ह्यातल्या पासली गावाच्या वरच्या अंगाला रस्ता जिथे दोन्हीकडे फुटतो, तिथेच तिचं घर. कुणी वाट विचारली की तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती पुढच्या फाट्यापर्यंत सोबत चालत जाते. आमच्याकडे वस्त्यांवर वाट दाखवणं म्हणजे सोबत जाणं, असा रिवाजच आहे. पण आत्याचं सगळंच जरा जास्त. मी घरातली पहिली पदवीधर. भोरच्या कॉलेजात पहिल्या दिवशी ती मला थेट वर्गाच्या दारापर्यंत सोडायला आली आणि शिकवायला उभ्या राहिलेल्या सरांना म्हणाली, "हितवर म्या आनली. फुडं तुमी न्या." मुलं हसली. सरांनी मात्र नेलं, हे मी विसरलेले नाही.

अशा बाईच्या दारात सिनेमाचं शूटिंग आलं. चार दोस्त गाडी घेऊन भटकायला निघतात, अशी विनोदी गोष्ट. त्यांना फाट्यावर बसलेली म्हातारी हवी होती. त्यांनी आत्याचं लुगडं मागून नेलं, काठीही नेली, मुंबईहून आणलेल्या नटीला ते लुगडं नेसवलं आणि तिच्या तोंडाला, हातापायांना काळपट रंग फासला. आत्या कौतुकाने बघत होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आजी, बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." आणि आत्या स्वतःच्याच अंगणातून बाजूला झाली.

सिनेमा मोबाईलवर आला तेव्हा मीच तिला दाखवला. पेपरात त्याची फार तारीफ होती. गाडीत एक पंजाबी, एक तमिळ, एक मणिपूरची मुलगी आणि एक कुबड्या घेऊन चालणारा. सगळा देश एका गाडीत बसवला म्हणे. मलाही ते मनापासून आवडलं. पण मग आम्ही वस्तीवरचेच तेवढे गाडीच्या काचेबाहेर का, आणि तेही हसण्यापुरते? ती म्हातारी दगडावर बसल्या बसल्या हनुवटीने भलतीच वाट दाखवते, गाडी चिखलात रुतते आणि ही बोळकं पसरून हसते. तिच्या तोंडची बोली भोर-वेल्ह्यात मी कुणाकडूनही ऐकलेली नाही. माझं डोकं तापलं होतं. आत्याने तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला.

"बसूनच दावली गं वाट," ती म्हणाली. "माझं लुगडं नेसून."

"आत्या, मुद्दाम चुकीची दाखवली, त्याचं काय?"

"त्ये तर लईच वंगाळ. पन उठली बी न्हाई."

तेव्हापासून ती न विचारणाऱ्या गाड्याही थांबवू लागली. काचेवर टकटक करून सांगायची, "शिनेमातली ती बाई हितली न्हाई, बरं का." एसटीचा कंडक्टर चिडवायचा, "आजी, आज कुनाला चिखलात घातलं?" ती दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही.

मागच्या दिवाळीत मी तिथे असताना पुण्याची तीन मुलं गाडीतून आली. फाटा त्यांनी लगेच ओळखला. आत्यासोबत फोटो काढला आणि घाटाची वाट विचारली. ती म्हणाली, "डावीकडनं. चला, येती म्या." त्यावर गाडी चालवणारी मुलगी हसून म्हणाली, "म्हणजे उजवीकडे. आम्ही पिक्चर पाहिलाय, आजी." आणि गाडी खरंच उजवीकडे गेली. तो रस्ता पुढे बंद आहे.

आत्याचा चेहरा मला बघवेना. "जाऊ दे त्यांना," मी रागाने म्हटलं. "येतील झक मारत."

"येतील कशी? तितं गाडी वळवाया जागा कुठाय?" असं म्हणत ती निघालीसुद्धा, आणि तिच्या मागे मी.

गाडीच्या मागे उभी राहून, हाताने खुणा करत तिने ती उलटी बाहेर काढून दिली. मुलीने गाडीत बसायचा आग्रह केला, पण आत्या पुढे चालत राहिली आणि गाडी तिच्या चालीने मागून. पुढच्या फाट्यावर तिने हात केला. गाडी घाटाकडे गेली. दिसेनाशी झाली तरी ती तिथेच उभी होती.

"काय गं आत्या?"

"न्हाई," ती म्हणाली, "पोचल्यावर फोन करा म्हनायचं ऱ्हायलं."